वस्तीतील मुलांचे नाटक : हौस आणि वेठ

दलित रंगभूमीसंबंधी आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. तिची बांधिलकी, तिची भाषा, तिचा नकार यांवर परिसंवाद झाले, विशेषांक निघाले. परंतु या चर्चेत लहान मुलांची रंगभूमी जवळजवळ कोठेच आढळत नाही. जणू आपल्या वस्तीतील मूल थेट प्रौढ होऊनच रंगमंचावर येते! मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, वस्तीच्या समाजमंदिरात, मी काही वर्षे मुलांचा नाट्यहंगाम चालवीत आलो आहे. दर उन्हाळ्यात तीन-चार नाटके आम्ही बसवितो. त्यांपैकी निदान दोन गाण्यांची असतात. हा हंगाम कसा उभा राहतो, त्यात कोणते प्रश्न येतात आणि ते प्रश्न केवळ नाटकाचे का नाहीत, हे येथे मांडावयाचे आहे.

प्रथम मराठी बालरंगभूमीची प्रचलित परंपरा पाहू. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत लिटल थिएटर सुरू केले आणि ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. १९६२ साली रत्नाकर मतकरी यांनी ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. या मंडळींचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या संमेलनातील उरकून टाकण्याचा कार्यक्रम नव्हे. त्यालाही चांगले नेपथ्य, चांगले संगीत, कसलेले नट आणि खरे नाट्यगृह लागते, ही गोष्ट त्यांनी सिद्ध करून दाखविली. ‘अलबत्या गलबत्या’सारखे नाटक २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आले आणि नव्या पिढीच्या मुलांनीही ते डोक्यावर घेतले, यावरून त्या परंपरेची ताकद कळते.

पण या परंपरेचा प्रेक्षक बहुतांशी मुंबई-पुण्याचा, तिकीट काढू शकणारा आणि सुटीत मोकळा असणारा होता. आमच्या वस्तीतील मुलाची सुटी मोकळी नसते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये परततात. मूल तेव्हा कोठे गावात दिसू लागते. मे महिन्यात लग्ने, मामाचे गाव आणि पाण्याच्या रांगा. म्हणून आमचा हंगाम १४ एप्रिलची जयंती आटोपली की सुरू होतो आणि शाळा उघडण्यापूर्वी संपतो. तालमीची वेळ घड्याळावर ठरत नाही, नळावर ठरते. पाणी भरून झाले की मुले येतात.

हंगाम म्हटला की पहिला प्रश्न कोणता? नाटक कोणते करावयाचे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो तो मुलांना, विशेषतः मुलींना, रंगमंचावर येऊ द्यावयाचे की नाही हा. माझ्या पहिल्याच वर्षी एक आई समाजमंदिराच्या पायरीवर येऊन म्हणाली, “मास्तर, पोरीला शिकवा, पर नाचवू नका.” शहरातील शिबिरवाल्यांना हे वाक्य मागासलेपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. या वाक्यामागे मोठा इतिहास आहे.

नाटक ही ‘हौस’ आहे, असे मध्यमवर्ग समजतो; ‘हौशी रंगभूमी’ हा शब्दच त्याने रूढ केला. परंतु आपल्या समाजात गाणे, नाचणे आणि वाजविणे ही शतकानुशतके हौस नव्हती. ती वेठ होती. गावात मयत झाले की हलगी कोणी वाजवावयाची, हे वाजविणाऱ्याच्या आवडीवर नव्हे, त्याच्या जातीवर ठरलेले होते. पोतराजाने अंगावर कोरडे ओढून घ्यावयाचे, मुरळी-जोगतिणीने देवाच्या नावाने सोडले जावयाचे, तमाशाच्या फडावर दलित-भटक्या जातींच्या स्त्रियांनी उभे राहावयाचे आणि पाहणाऱ्यांनी दौलतजादा करीत शिट्ट्या मारावयाच्या. कला आमची, करमणूक त्यांची आणि बदनामी पुन्हा आमचीच, असा हा हिशेब होता. ज्या आईच्या घरात ही आठवण एक-दोन पिढ्यांपलीकडची नाही, तिने मुलीला रंगमंचापासून दूर ठेवू पाहणे हा अडाणीपणा नव्हे. तो स्वाभिमान आहे.

आंबेडकरी जलशांनाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते. १९३० नंतरच्या काळात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी जलसे गावोगावी नेले. सत्यशोधक जलशांचा वारसा त्यांच्यामागे होताच. तमाशाचा सांगाडा त्यांनी घेतला, पण आतले द्रव्य बदलले. गणात देवाची आळवणी गेली. गवळणीतील शृंगार जाऊन शिक्षण, स्वच्छता आणि समतेची बोलणी आली. वगाच्या जागी मेलेले ढोर ओढू नका, पाणवठ्याचा हक्क सांगा, असे विषय असलेली नाट्ये आली. नाचीला त्यांनी रजा दिली. स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. त्या काळी हा निर्णय योग्यच होता. परंतु आज त्याचा अर्थ मुलीने रंगमंचावर येऊच नये असा घेतला, तर आपण जलशाचे शरीर जपू आणि त्याचा आत्मा गमावू. जलशाने रंगमंच नाकारला नव्हता. रंगमंचावरची वेठ नाकारली होती.

म्हणून आमच्या हंगामाचा पहिला नियम असा ठरला : भूमिका मागून मिळते, नेमून मिळत नाही. जेथे एका भूमिकेसाठी अनेक हात वर होतात तेथे चिठ्ठ्या टाकतो आणि पुढील प्रयोगात मुले बदलतो. नियम साधा वाटेल, परंतु तो कशाच्या विरोधात आहे हे पाहावे. मी शिकलो त्या शाळेत संमेलनाच्या नाटकात आमच्या आळीतील मुलांना राक्षसाचे सैनिक, हुजरे किंवा झाडे करीत. राजा कोण होणार हे गोऱ्या रंगावरून आणि ‘शुद्ध’ उच्चारांवरून ठरे. त्यावर कोणी भांडत नसे, कारण तसे असावयाचेच, असे आम्हालाही वाटे. मुलाच्या मनात जात अशीच रुजते. ग्रंथातून नव्हे, भूमिका वाटपातून. काळी सावळी मुलगी राजकन्या झाली आणि प्रेक्षकांत कोणाला त्यात नवल वाटले नाही, तर त्या एका संध्याकाळचे मोल दहा व्याख्यानांहून कमी नाही.

हलगीचा प्रश्न याहून अवघड होता. गाण्याच्या नाटकाला हलगी हवीच. तिच्याशिवाय आमच्या सुरांना उभारी येत नाही. एका मुलाचे आजोबा नामांकित हलगीवाले. साहजिकच सगळ्यांची बोटे त्याच्याकडे वळली. तो म्हणाला, “मी न्हाई वाजवणार. मला हिशेबनीस करा.” नाटकातील सावकाराच्या हिशेबनिसाची भूमिका त्याला हवी होती. ती त्याला मिळाली. हलगी शिकली ती दोन मुलींनी, आणि शिकविली त्याच आजोबांनी. वाद्य तेच, ताल तोच. पण जन्माने आलेले वाजविणे आणि निवडून घेतलेले वाजविणे यांत जे अंतर आहे तेच मुलांच्या रंगभूमीचे खरे कार्यक्षेत्र आहे, असे मी मानतो.

आता हंगामाच्या रचनेविषयी. आम्ही नाटके तीन प्रकारची ठेवतो. पहिले अद्भुताचे : राजा, राक्षस, बोलणारे प्राणी. आपल्यातील काही कार्यकर्ते या प्रकारावर नाराज असतात. चळवळीच्या मुलांना पऱ्यांच्या गोष्टी कशाला, असे ते विचारतात. माझे उत्तर असे की, कल्पनेत राज्य करण्याचा हक्क ज्याला मिळाला नाही, तो प्रत्यक्षात हक्क मागताना कचरतो. निखळ मौज ही श्रीमंतांच्या मुलांची मक्तेदारी नव्हे.

दुसरा प्रकार जलशाच्या घाटाचा. संगीत नाटक म्हटले की आपल्याला १८८० चे अण्णासाहेब किर्लोस्कर आणि ‘शाकुंतल’ शिकविले जाते. त्या परंपरेचे पद रागदारीवर आधारलेले, गायक कमावलेला. जलसा हेही संगीत नाटकच आहे. त्याची वंशावळ मात्र वेगळी. गाणे, बतावणी, पुन्हा गाणे. नेपथ्य नाही, पडदा नाही. सगळे पथक कोरस धरते. मुलांना हा घाट फार सोयीचा पडतो. पाठांतर थोडे लागते, एकट्याने गाण्याची भीती नसते आणि सवाल-जवाबात मुलांची जन्मजात हजरजबाबी वृत्ती उपयोगी पडते. पत्र्याचे डबे आणि परातीसुद्धा वाद्यवृंदात येतात. या प्रकारात विषय मुलेच सुचवितात. एका वर्षी त्यांनी नळाच्या रांगेवर जलसा रचला. त्यात हंडेच पात्रे होते आणि आपापसांत नंबरावरून भांडत होते.

तिसरा प्रकार विचाराच्या नाटकाचा, मोठ्या मुलांसाठी. येथे जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ आमच्या फार उपयोगी पडते. १८५५ साली लिहिलेले हे नाटक छापून निघावयास १९७९ उजाडले. भोळ्या कुणब्याला आणि त्याच्या गर्भार बायकोला जोशी कसा लुबाडतो, हे ते दाखविते आणि विदूषक मधेमधे भाष्य करतो. शेवटी ते जोडपे शिकण्याचा निश्चय करते. नाटकाचा शेवट शाळेच्या दाराशी होतो, ही गोष्ट मुलांना न सांगता कळते. विदूषकाची भूमिका तर सर्वांनाच हवी असते.

यातून भाषेचा प्रश्न येतो. एका स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या मुलांचे गुण कापले, कारण ती ‘व्हतं’, ‘न्हाई’ असे बोलत होती. घरातील आईने ‘होते’, ‘नाही’ असे बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही बोली सोडली नाही. मात्र ज्या मुलाला कलेक्टर व्हावयाचे असते त्याला प्रमाण भाषाही तेवढ्याच कसून शिकवितो. बोली ही लाज नव्हे आणि प्रमाण भाषा ही कोणाची इस्टेट नव्हे, या दोन्ही गोष्टी मुलाला एकाच वेळी कळल्या पाहिजेत.

या वाटेने इतरही गेले आहेत. बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीने पऱ्यांऐवजी मुलांच्या रोजच्या प्रश्नांवर गाण्यांची नाटके केली. मोहन आगाशे, श्रीरंग गोडबोले यांनी तो विचार १९८० नंतरच्या दशकात पुण्यात आणला. त्यात मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्याच्या लोकवस्त्यांतील मुलांना त्यांचीच नाटके उभी करावयास लावली, ती २०२० साली त्यांचे निधन होईपर्यंत. ज्यांनी राक्षस आणि चेटकिणी लिहिल्या त्यांनाच शेवटी वस्तीतील मुलांकडे यावेसे वाटले, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

दूरचे उदाहरण द्यावयाचे तर अमेरिकेतील निग्रो समाजाचे देता येईल. आज तो स्वतःला काळा, आफ्रिकी-अमेरिकन म्हणवितो, आणि ते योग्यच आहे. तेथे गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टवाळी करीत. पुढे काळ्या कलावंतांनाही पोटासाठी तीच सोंगे आणावी लागली. आमच्या फडाची कहाणी याहून वेगळी काय आहे? अशा त्या देशात, क्लीव्हलंड शहरात, १९१५ साली रसेल आणि रोवेना जेलिफ या दांपत्याने वस्तीतील मुलांसाठी एक केंद्र काढले. काळी-गोरी मुले तेथे एकत्र नाटक करू लागली. लँग्स्टन ह्यूज हा पुढे मोठा झालेला कवी शाळकरी वयात तेथे जात असे. तेच केंद्र पुढे कारामू हाउस म्हणून प्रसिद्ध झाले. कारामू या स्वाहिली शब्दात आनंदाने एकत्र जमण्याचा अर्थ आहे. लढणाऱ्या समाजाने आपल्या घराला आनंदाचे नाव द्यावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण आपल्या हंगामापुढील मोठा धोका बाहेरचा नाही, आतला आहे. मुलांच्या तोंडी आपण आपले दुःख घालतो. दहा वर्षांचे मूल अत्याचाराचे वर्णन करते, प्रेक्षक डोळे पुसतात, आणि प्रयोग यशस्वी झाला असे आपण म्हणतो. ही नवी वेठ आहे. मुलाला अन्याय कळतो. तो त्याच्या भाषेत, त्याच्या हंड्यांच्या भांडणातून येईल. त्याने आपले भाषण पाठ करून दाखवावे, हा हट्ट सोडला पाहिजे.

आपल्या कवींना आणि नाटककारांना माझी विनंती आहे. वस्तीतील मुलांना करता येतील अशी नाटके हाताशी फार थोडी आहेत. मुलांच्या गळ्याला पेलतील अशा चालींचे, तासाभरात संपणारे, पंधरा-वीस मुलांना काम देणारे जलसे लिहा. जुन्या शाहिरांकडून चाली उतरवून घ्या. ते गेले की चालीही जातील. आणि प्रत्येक समाजमंदिराच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतील थोडा भाग मुलांच्या हंगामासाठी बाजूला काढावा. त्या आईने मुलीला नाचवू नका असे बजावले होते. आता तिची मुलगी हलगी वाजविते, आणि तिला तसे कोणी सांगितलेले नाही. आपल्या रंगभूमीचा आरंभ येथून व्हावा.