नियमांचं कपाट

बँकेतला रोखपाल खातं उघडून पाहू शकतो, कर्ज मंजूर करू शकत नाही. हा नियम प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा लिहिला, तर एका बदलीपायी दहा ठिकाणी दुरुस्त्या. त्यापेक्षा असे नियम एकाच डिरेक्टरी सर्व्हरवर ठेवलेले बरे.

या सर्व्हरशी बोलायची पद्धत म्हणजे एलडॅप. १९८८चं एक्स.५०० हे मानक भलतंच जड होतं. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींच्या पुढाकाराने एलडॅप हे त्याचं हलकं रूप आलं. त्यातली नोंद टपालाच्या पत्त्यासारखी वाचायची: आधी व्यक्ती, मग विभाग, मग संस्था.

खरी मेहनत मांडणीत आहे. नोंदीत कोणते रकाने चालतील हे स्कीमा ठरवतो. धोरणाचे, म्हणजे आपल्या नियमांचे, रकाने त्यात आधी नोंदवले नाहीत, तर सर्व्हर १७ क्रमांकाची चूक दाखवून नोंद परत पाठवतो. कटकट वाटते खरी, पण हा काटेकोरपणा हवाच.

मग इंडेक्स. धोरण क्वचित बदलतं, वाचलं मात्र सतत जातं. इंडेक्स नसेल तर प्रत्येक शोधात सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात.

सगळ्यात जास्त आळस होतो तो सॉफ्टवेअर ज्या खात्याने डिरेक्टरीला जोडतं त्या खात्याबाबत. घाईत सर्वाधिकारी खात्याचाच पासवर्ड देऊन मोकळे होतात! डिरेक्टरीच्या झाडातल्या धोरणाच्या फांदीपुरतेच अधिकार असलेलं वेगळं खातं काढावं आणि जोडणी ६३६ पोर्टवरून, कूटबद्ध ठेवावी. शिवाय प्रवेश-नियंत्रण करणारा सर्व्हर नियमांची प्रत बऱ्याचदा स्वतःजवळ बाळगतो. बदलाची सूचना त्याच्यापर्यंत पोचायची सोय केली नाही, तर काढून घेतलेला अधिकार काही वेळ चालूच राहतो.