खानदेशी गीतांचे ध्वनिसंग्रह : पुनःप्राप्ती आणि जतन

जुन्या साधनांचे संकलन व जतन ही खानदेशाला नवी गोष्ट नाही. १८९३ साली शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळे येथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि पुढे समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळवून सांभाळण्याचे कार्य केले. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली त्याच नगरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. या संस्थांपुढील साधन मुख्यतः कागदाचे होते. वाळवीने खाल्लेल्या कागदाच्याही उरलेल्या तुकड्यावरून तो कशाचा हे पुष्कळदा ओळखता येते. ध्वनिमुद्रणाची गोष्ट याहून निराळी आहे.

आखाजीची गाणी, श्रावणातील कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वहीगायन हे सारे मौखिक धन अभ्यासकांनी आधी कॅसेटवर आणि अलीकडे मोबाइल फोनवर मुद्रित केले. असा संग्रह बहुधा एका संगणकावर किंवा एकाच हार्ड डिस्कवर साठवलेला असतो. ती डिस्क बिघडली अथवा चुकून पुसली गेली, तर त्यातून काय परत मिळते आणि काय मिळत नाही, हा येथे विचाराचा विषय आहे.

फाईल पुसली की तिची सामग्री तत्क्षणी नष्ट होते, हा समज सर्वस्वी बरोबर नाही. हार्ड डिस्कवर ध्वनीची अंकरूप सामग्री एका ठिकाणी असते. तिचे नाव, फोल्डर व डिस्कवरील स्थान सांगणारी सूची दुसऱ्या ठिकाणी असते. पुसण्याच्या क्रियेत सामान्यतः सूचीतील नोंद रद्द होते आणि ती जागा मोकळी मानली जाते. ग्रंथालयाच्या सूचीतील कार्ड फाडले तरी ग्रंथ कपाटात राहावा, तसा हा प्रकार आहे. मात्र त्या जागेवर नवी सामग्री लिहिली गेली की जुनी कायमची जाते. म्हणून हानी लक्षात येताच त्या डिस्कचा वापर थांबवणे हे पहिले कर्तव्य ठरते. पुनःप्राप्तीचे साधनही त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये.

दुसरी पायरी म्हणजे त्या डिस्कची आरंभापासून अंतापर्यंत तंतोतंत प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेणे, आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करणे. या कामासाठीचे ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन प्रथम निर्दोष भाग वाचून घेते व सदोष भागाकडे नंतर वळते; त्यामुळे मरणोन्मुख डिस्कवर ताण कमी पडतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बिघाड यांत्रिक असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी वीज बंद करून ती तज्ज्ञाकडे द्यावी. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये आशा कमी, कारण ‘ट्रिम’ या व्यवस्थेमुळे मोकळी ठरलेली जागा डिस्क स्वतःच साफ करते. फोनच्या बाबतीतही बहुधा हीच स्थिती असते.

सूचीच नष्ट झाली असेल, तर ‘फोटोरेक’सारखी साधने सामग्रीतील ओळखचिन्हे शोधतात. उदाहरणार्थ, वेव्ह फाईलच्या आरंभी ‘आरआयएफएफ’ ही चार रोमन अक्षरे असतात व लगेच फाईलची लांबी नोंदलेली असते. तेवढ्यावरून ध्वनी पुन्हा उभा करता येतो. मात्र फाईलचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असतील, तर तो अर्धवट किंवा सरमिसळ निघतो. शिवाय नाव व फोल्डर सूचीबरोबरच गेलेले असतात. अभ्यासकाच्या हाती उरतात त्या केवळ क्रमांक घातलेल्या शेकडो फाईली.

संशोधनाच्या दृष्टीने खरी हानी येथे आहे. गाणारी कोण, गाव चोपड्याकडचे की साक्रीकडचे, बोली अहिराणी की लेवा गणबोली, प्रसंग लग्नाचा की आखाजीचा, हे ठाऊक नसलेले गीत ऐकता येते. प्रमाण म्हणून वापरता येत नाही. याउलट उदाहरण हेमा राईरकर व गी पॉयटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचे. महाराष्ट्रातील खेड्यांतून त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गायिका, गाव व विषय यांच्या नोंदी ठेवल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने तो संग्रह प्रकाशात आणला, तेव्हा या नोंदींच्या आधारे कार्यकर्ते मुळशी तालुक्यातील गायिकांकडे पुन्हा जाऊ शकले.

म्हणून नोंद ध्वनीबरोबरच प्रवास करील, अशी योजना हवी. युरोपीय प्रसारण संघाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ब्रॉडकास्ट वेव्ह या प्रकारात वर्णन फाईलच्या पोटातच लिहिता येते. त्याहूनही साधा उपाय मुद्रणाच्या वेळचा आहे. गायिकेची संमती घेऊन तिचे नाव, गाव, तारीख व प्रसंग आरंभीच स्पष्ट उच्चारावा. सूची गेली तरी ध्वनी स्वतःची ओळख सांगतो.

यानंतर प्रतींचा प्रश्न येतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम सर्वमान्य आहे. जळगाव व धुळे यांमध्ये सुमारे ९० किलोमीटरचे अंतर आहे; दोन नगरांतील संस्थांनी परस्परांच्या प्रती सांभाळल्यास आग वा चोरी यांपासून रक्षण होईल. उन्हाळा मात्र दोन्हीकडे सारखाच कडक असल्याने तिसरी प्रत खानदेशाबाहेर असावी. दोन ठिकाणच्या फाईली आपोआप समान ठेवणारी व्यवस्था ही प्रत नव्हे, कारण एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते.

हे काम खर्चाच्या आवाक्यातील आहे. ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट या जतनयोग्य प्रमाणाने दोन वाहिन्यांचे एक तासाचे मुद्रण सुमारे २ गिगाबाइट भरते. म्हणजे ६० मिनिटांच्या १०० कॅसेटींना २०० गिगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. एमपी-थ्री ऐकण्यास पुरेसे असले, तरी त्यात ध्वनीचा काही अंश टाकून दिलेला असतो. म्हणून ते मूळ प्रतीची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक फाईलची ‘शा-२५६’ पद्धतीची पडताळणी-संख्या काढून ठेवावी आणि ठरावीक काळाने ती पुन्हा ताडून पाहावी. वर्षातून एकदा तरी काही फाईली प्रतीवरून परत आणून वाजवून पाहाव्यात. तसे केल्याशिवाय प्रत आहे असे मानणे धोक्याचे.

मोठ्या कंपनीवर भार टाकून निश्चिंत राहणेही योग्य नव्हे. मायस्पेस या अमेरिकी संकेतस्थळावर २००३ ते २०१५ या काळात चढवलेले संगीत स्थलांतरात नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. त्यातील सुमारे ४ लाख ९० हजार गीते वाचली, ती संगीताचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यापीठीय गटाने आपल्या कामासाठी प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून.

बहिणाबाई चौधरी यांची गाणी सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवली आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वहीत शब्द उतरले, चाल उतरू शकली नाही. आजच्या अभ्यासकाच्या हाती चाल टिपण्याचे साधन आहे; चालीबरोबर गाणारीचे नाव व गाव टिकवणे हे मात्र साधनाने आपोआप होत नाही, ते अभ्यासकानेच करावयाचे आहे.