आवाज हळू चालतो, हे बरंच आहे

भारतात फोरजीसाठी वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांपैकी एक १८०० मेगाहर्ट्झचा. या पट्ट्यात फोन १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झवर पाठवतो आणि १८०५ ते १८८० मेगाहर्ट्झवर ऐकतो. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. मधली मोकळी जागा अवघी २० मेगाहर्ट्झची. फोन टॉवरकडे जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्ती पाठवतो, आणि टॉवरकडून येणारा संदेश कधी कधी त्याच्या दोन लाख कोटी पटींनी क्षीण असतो. खरं तर स्वतःच्याच प्रक्षेपणाने फोन बहिरा व्हायला हवा. तो होत नाही, कारण अँटेना आणि आतलं सर्किट यांच्यामध्ये दीड-दोन मिलिमीटरचा एक सुटा भाग बसवलेला असतो आणि त्याच्या पोटात एक स्फटिक. या स्फटिकात विजेची लहर शिरते, तिचा आवाज होतो, तो आवाज स्फटिकावरून जरासा धावतो आणि पुन्हा वीज होऊन बाहेर पडतो. नको असलेली वारंवारता या प्रवासात गळून जाते.

इथे आवाज म्हणजे सेकंदाला १८० कोटी कंपनं. माणसाचा कान वीस हजारांच्या पुढे जात नाही, त्यामुळे हा आवाज ऐकायचा प्रश्नच नाही. श्राव्यातीत ध्वनी म्हटलं की आपल्याला सोनोग्राफी आठवते, वटवाघळं आठवतात, फार तर चष्म्याच्या दुकानातलं काचा धुण्याचं यंत्र. शाळेच्या पुस्तकांनी ही यादी पाठ करून घेतली आहे. पण ज्या उपकरणांमध्ये ध्वनी सगळ्यात जास्त राबतो, ती या यादीत नाहीत. तिथे ध्वनी काही दाखवत नाही, काही धूत नाही. तो फक्त विजेपेक्षा हळू चालतो, आणि त्याचा पगार त्याला त्याबद्दलच मिळतो.

विद्युतचुंबकीय लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. घन स्फटिकावरून ध्वनी जातो तीन-चार किलोमीटर. फरक साधारण पाऊण लाख पटींचा. वारंवारता तीच ठेवून लहरीचा वेग इतका कमी केला की तरंगलांबीही तितक्याच पटींनी लहान होते. १८०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास असते. तीच लहर ध्वनी झाली की दोन मायक्रोमीटरच्या थोडी वर. लहरींची चाळणी करायची तर तिच्या घड्या, परावर्तनं, बेरजा-वजाबाक्या यांसाठी काही तरंगलांब्यांइतकी जागा लागते. टॉवरवर हीच चाळणी विद्युतचुंबकीय लहरींनी करतात आणि त्यासाठी धातूचे पोकळ कप्पे असलेले चांगले डब्याएवढे फिल्टर बसवतात. ते खिशात मावणार नाहीत.

विजेला आवाजात बदलण्याची सोय १८८० पासून माहीत आहे. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी त्या वर्षी दाखवलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. उलटंही घडतं, विद्युतदाब दिला की स्फटिक आकुंचन पावतो किंवा ताणला जातो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी याच क्वार्ट्झचा उपयोग केला. तिथे मात्र ध्वनी त्याच्या नेहमीच्या कामावर होता, म्हणजे आवाज पाठवायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. त्याच्या संथपणाची खरी कदर झाली ती दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमुळे.

रडारच्या पडद्यावर विमानाबरोबर टेकड्या आणि इमारतीही उमटतात. त्या हलत नाहीत, म्हणून प्रत्येक स्पंदानंतर त्यांचा प्रतिध्वनी हुबेहूब तसाच येतो. आधीचा प्रतिध्वनी आताच्यातून वजा केला तर टेकडी पुसली जाईल आणि हलणारं विमान तेवढं उरेल. पण वजा करायला आधीचा संदेश हाताशी हवा, म्हणजे तो सुमारे एक मिलिसेकंद कुठेतरी अडवून ठेवायला हवा. विजेची लहर तेवढ्या वेळात तीनशे किलोमीटर निघून जाते. पाऱ्यात आवाज मात्र तेवढ्या वेळात जेमतेम दीड मीटर सरकतो. मग पाऱ्याने भरलेली नळी घेतली, दोन टोकांना क्वार्ट्झ लावला, आणि संदेश एका बाजूने आत सोडून दुसऱ्या बाजूने मिलिसेकंदभराने परत घेतला. पाराच का, तर त्याचं आणि क्वार्ट्झचं चांगलं जुळतं. पाण्याच्या तोंडाशी बराचसा ध्वनी परत फिरतो, पाऱ्यात तो सहज उतरतो.

फिलाडेल्फियात या नळ्यांवर काम करणाऱ्या प्रेस्पर एकर्ट यांना पुढची गोष्ट सुचली. नळीतून बाहेर आलेले स्पंद स्वच्छ करून पुन्हा सुरुवातीला आत सोडले तर ते हवे तितके दिवस फिरत राहतील. ही तर स्मृती झाली! केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला तो अशाच नळ्यांच्या जोरावर. एका नळीत ५७६ बिट, सगळे एकामागोमाग पाऱ्यातून चाललेले. हवा असलेला अंक टोकाशी पोहोचेपर्यंत संगणकाने थांबायचं. ॲलन ट्युरिंग यांच्या आराखड्यावरून झालेल्या पायलट एस या संगणकावर तर प्रोग्रॅम लिहिणारे आज्ञांची मांडणीच अशी करत की एक आज्ञा पुरी होताना पुढची नेमकी नळीच्या टोकाला आलेली असावी. इतकी हातघाईची आणि इतकी देखणी काटकसर नंतरच्या प्रोग्रॅमिंगमध्ये क्वचित दिसते.

पाऱ्याची अडचण तापमानाची. पारा तापला की ध्वनीचा वेग बदलतो, वेग बदलला की स्पंद उशिरा किंवा लवकर येतात आणि अंक चुकतात. ट्युरिंग यांनी यावर जिन सुचवली होती, असं विल्क्स यांनी १९६७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं. जिनमध्ये अल्कोहोल आणि पाण्याचं प्रमाण असं असतं की खोलीच्या तापमानाला ध्वनीचा वेग जवळजवळ बदलतच नाही. सूचना थट्टेची वाटते, पण तिच्यातलं भौतिकशास्त्र चोख आहे.

संगणकांनी पाऱ्याच्या नळ्या लवकरच टाकून दिल्या. ध्वनी मात्र घराघरांत पोहोचला, तोही रंगीत टीव्हीतून. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते जर्मनीत वाल्टर ब्रूख यांनी तयार केलेल्या पाल पद्धतीने. वाटेत संदेशाची कला सरकली की रंग बिघडतात, चेहरे हिरवट किंवा जांभळट होतात. ब्रूख यांनी युक्ती केली. रंगाच्या दोन घटकांपैकी एक घटक प्रत्येक ओळीला उलटा करून पाठवायचा आणि टीव्हीत आताच्या ओळीची आधीच्या ओळीशी सरासरी काढायची. एका ओळीतली चूक दुसरीतल्या उलट्या चुकीने कटते. पण सरासरीसाठी आधीची ओळ ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवायला हवी, आणि त्या काळच्या घरगुती टीव्हीत डिजिटल स्मृती कुठली? केबलच्या वेटोळ्यात संदेश तेवढा वेळ फिरवायचा तर बारा-तेरा किलोमीटर केबल लागली असती. त्याऐवजी काचेची एक छोटी चकती बसवली. काचेतून जाणाऱ्या ध्वनीला तेवढ्या वेळात सोळा-सतरा सेंटीमीटरच वाट लागते, आणि तीही कडांवरून दोन-चारदा परावर्तित करून घडी घालता येते. रामायण पाहायला सगळी आळी ज्या रंगीत टीव्हीसमोर बसायची, त्याच्या आत प्रत्येक ओळीचा रंग काचेतून आवाज बनून जात होता.

त्याच टीव्हीत ध्वनीचं आणखी एक उपकरण शिरलं होतं, आणि आजचा फोन त्याचाच वारस आहे. लॉर्ड रेले यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखवलं होतं की घन पदार्थाच्या पृष्ठालगत, खोल न शिरता, एक लहर धावू शकते. भूकंपशास्त्रात ती फार महत्त्वाची ठरेल असं त्यांना वाटलं होतं आणि ते खरंही ठरलं. अभियंत्यांना मात्र तिच्यात वेगळाच फायदा दिसला. पाऱ्यातल्या लहरीला मध्ये कुठे हात लावता येत नाही, ती आत गेली की टोकालाच भेटते. पृष्ठावरची लहर सगळ्या वाटेवर उघडी असते. हवी तिथे गाठा.

तिला गाठायचं साधन १९६५ मध्ये बर्कलीत रिचर्ड व्हाइट आणि फ्रेडरिक व्होल्टमर यांनी दिलं. क्वार्ट्झवर धातूचे दोन कंगवे, एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत बसतील असे. त्यांना विद्युतदाब दिला की दातांमधला स्फटिक आलटून पालटून दबतो-ताणतो, आणि लहर निघते. दातांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीशी जुळलं तर सगळ्या जोड्यांच्या लहरी एकमेकींना बळ देतात; नाही जुळलं तर एकमेकींना खाऊन टाकतात. दात जितके जास्त, तितकी निवड काटेकोर.

इथवर हा साधा फिल्टर झाला. पण दातांची लांबी कमीजास्त केली तर? मग प्रत्येक जोडी लहरीत आपापल्या वजनाने भर घालते, तीही आपापल्या जागेप्रमाणे थोडी उशिरा. संदेशाचे थोडे थोडे उशीर झालेले तुकडे घ्यायचे, प्रत्येकाला ठरलेल्या अंकाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, डिजिटल संदेशप्रक्रियेचा विद्यार्थी पहिल्या सत्रात शिकतो ते हेच. संगणकाच्या चिपला त्यासाठी सेकंदाला कोट्यवधी गुणाकार करावे लागतात. स्फटिक एकही करत नाही आणि त्याला वीजपुरवठाही लागत नाही. गणित ॲल्युमिनियमच्या रेघांत आधीच लिहून ठेवलेलं असतं. उणीव एवढीच की एकदा लिहिलं की खोडता येत नाही. टीव्हीच्या कारखान्यात पूर्वी कॉइलमागून कॉइल हाताने जुळवत बसावं लागे, ते या छोट्या धातूच्या डबीने बंद केलं. दुरुस्तीवाले तिला सॉ फिल्टर म्हणत.

रडारनेही हे कंगवे उचलले. दूरवर पोहोचायला लांब स्पंद हवा, कारण त्यात शक्ती जास्त मावते; पण १० मायक्रोसेकंदांच्या स्पंदाने दीड किलोमीटरच्या आतली दोन विमानं वेगळी दिसत नाहीत. मग त्या स्पंदात वारंवारता खालून वर सरकवत न्यायची आणि परत आलेला प्रतिध्वनी अशा स्फटिकावरून सोडायचा, ज्याच्या एका टोकाचे दात विरळ आणि दुसऱ्या टोकाचे दाट आहेत. आधी आलेल्या वारंवारतांना लांबची वाट मिळते, मागून आलेल्यांना जवळची, आणि सगळ्या एकाच क्षणी पोहोचतात. वारंवारता १० मेगाहर्ट्झने सरकवली असेल तर १० मायक्रोसेकंदांचा स्पंद ०.१ मायक्रोसेकंदावर येतो, आणि दीड किलोमीटरच्या जागी १५ मीटर.

ध्वनीच्या तोकड्या तरंगलांबीचा एक वेगळा उपयोग आपल्या बंगळूरमध्ये उलगडला गेला होता. द्रवातून श्राव्यातीत ध्वनी जाताना घन-विरळ पट्टे तयार होतात आणि त्यांवरून प्रकाश अनेक दिशांना फाकतो, हे १९३२ मध्ये दिसलं होतं. ते तसं का होतं याचा सिद्धांत चंद्रशेखर वेंकट रामन आणि एन. एस. नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये मांडला. लेझरचा किरण वळवण्यासाठी किंवा त्याची वारंवारता अगदी मोजून सरकवण्यासाठी आज प्रयोगशाळांत ध्वनीवर चालणारी जी उपकरणं वापरतात, त्यांच्या पाठ्यपुस्तकांत रामन-नाथ हे नाव अजूनही पहिल्याच प्रकरणात येतं. रामन म्हणजे फक्त नोबेलचं संशोधन, अशी आपली समजूत असते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता पुन्हा फोन. पाऱ्याला सतावणारं तापमान इथेही सुटत नाही. लिथियम टँटलेटच्या स्फटिकाची वारंवारता दर अंशाला दहा लाखांत सुमारे ४० भागांनी खाली सरकते. तापमान ६० अंशांनी वर गेलं की १८०० मेगाहर्ट्झच्या फिल्टरची जागा चारेक मेगाहर्ट्झने हलते, आणि मोकळी जागा तर २० मेगाहर्ट्झचीच. यावर जिनऐवजी सिलिकॉन डायऑक्साइडचा थर देतात. बहुतेक पदार्थ तापले की मऊ पडतात. हा तापला की जरा ताठ होतो, आणि दोघांच्या खोडी एकमेकांना कापतात.

वारंवारता जशी वाढते तसे दात बारीक होत जातात. १८०० मेगाहर्ट्झलाच एका दाताची रुंदी जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. त्यापुढे धातूच्या रेघा शक्ती सोसेनाशा होतात. म्हणून वरच्या पट्ट्यांत ध्वनी पृष्ठावरून न धावता ॲल्युमिनियम नायट्राइडच्या पातळ पापुद्र्यात वर-खाली उसळतो. पापुद्रा हवेच्या पोकळीवर ताणलेला असतो, कारण हवेच्या हद्दीवर ध्वनी पुरता मागे फिरतो. त्याची जाडी एक-दोन मायक्रोमीटर; वारंवारता हजारात एका भागापर्यंत नेमकी हवी तर जाडीत दोन नॅनोमीटरपलीकडची चूक चालत नाही. भारतात याची गरज रोजची आहे. इथे फोरजीचा एक पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा आहे आणि वायफायचा पट्टा २४०० पासूनच सुरू होतो. हॉटस्पॉट चालू ठेवून फोन वापरणाऱ्या माणसाच्या हातात या दोघांना वेगळं ठेवणारा असा एक पापुद्रा असतो.

अशा फिल्टरांची संख्या एका महागड्या फोनमध्ये काही डझनांवर जाते, आणि त्यांचा जगभरचा बाजार जपान आणि अमेरिकेतल्या मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. फोनची जुळणी आपल्याकडे होऊ लागली याचं कौतुक पुष्कळ होतं. प्रोसेसर चिपबद्दलही भरपूर बोललं जातं. स्फटिक, पापुद्रे आणि त्यांचे नॅनोमीटर यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं तिथली वाट जास्त लांबची आहे.

२०१४ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात पेर डेलसिंग यांच्या गटाने हेच कंगवे एका अतिवाहक सर्किटला जोडले. केवलशून्याच्या अगदी जवळच्या तापमानाला असं सर्किट एखाद्या अणूसारखं वागतं, ठरावीक ऊर्जा घेतं आणि सोडतं. फक्त इथे ते प्रकाश न सोडता ध्वनी सोडतं. खरा अणू प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे नगण्य असतो. हा कृत्रिम अणू आपल्या ध्वनीच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठा आहे. २०१९ मध्ये त्याच गटाने अशा अणूला स्फटिकावर दूर दूर असे दोन पाय दिले. एका पायाने सोडलेली लहर दुसऱ्यापाशी पोहोचेपर्यंत अणू निवत आलेला असतो, आणि मग तो आपलीच सोडलेली ऊर्जा पुन्हा उचलतो. प्रकाशाच्या वेगाने हा प्रयोग करायचा तर दोन पायांमधलं अंतर कितीतरी मीटर ठेवावं लागलं असतं. ध्वनीने तो एका चिपवर उरकला.