सुकेळीचा हिशेब : कोणता खर्च कोठे धरावा

वसई तालुक्यातील आगाशी व आसपासच्या वाड्यांतील राजेळी केळी आणि तिच्यापासून होणारी सुकेळी यांची ख्याती जुनी आहे. पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधावयाची ही कृती जाणत्या घरांतून अजून टिकून आहे. परंतु केळी ताजी विकावी की सुकवावी, हा निर्णय बहुधा अंदाजानेच घेतला जातो. सुकेळीचा दर मोठा दिसतो, म्हणून नफाही तेवढाच मोठा असेल, असे मानले जाते.

एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे केवळ रीत समजण्यापुरते आहेत. त्या जागी बागाइतदारांनी आपल्या वहीतील आकडे घालावेत. 100 किलो केळी 40 रुपये दराने ताजी विकल्यास 4,000 रुपये येतात. तीच सुकविल्यास 25 किलो सुकेळी होते, असे धरू. 320 रुपये दराने तिचे 8,000 रुपये झाले. दर आठपट, पण उत्पन्न दुप्पटच! सोलणे, उलथापालथ करणे व बांधणे यांस घरच्या माणसांचे 5 दिवस, 400 रुपये रोजाने 2,000, आणि इतर खर्च 300. म्हणजे 4,000 रुपये अधिक मिळविण्यासाठी 2,300 रुपये लागले, वाढावा 1,700.

लागवड, खत व पाणी यांचा खर्च येथे धरलेला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. केळी कशीही विकली तरी तो झालेलाच आहे. त्यामुळे या निवडीत त्याला स्थान नाही. वर्षअखेरच्या ताळेबंदात मात्र तो पूर्ण मांडावयाचा.

घरच्या माणसांना मजुरी कशाला, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. तो माणूस त्या दिवसांत दुसरीकडे काय मिळविता, हे त्याचे उत्तर. भाताची आधारभूत किंमत ठरवितानाही कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य हिशेबात घेतले जाते. दुसरे काम अर्ध्याच मोलाचे असेल, तर रोज 200 रुपये धरावा. पण शून्य धरू नये.

आता अवकाळी पावसाचे पाहू. चार घाण्यांपैकी एक भिजून वाया गेला, तर तीन घाण्यांचे 24,000 रुपये येतात. चार घाण्यांच्या ताज्या केळींचे मोल 16,000 आणि सुकविण्याचा खर्च 9,200, एकूण 25,200. वाढावा जाऊन 1,200 रुपयांची तूट आली! पाचांत एक घाणा गेल्यास मात्र 500 रुपये उरतात. म्हणून प्रत्येक घाण्याची तारीख, वजन व नासाडी लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

नासाडी टाळण्यास 24,000 रुपयांचे सौर वाळवणी यंत्र घेतले व ते आठ वर्षे टिकले, तर सालीना घसारा 3,000 रुपये. सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्ची टाकल्यास ते वर्ष उगाच बुडीत दिसते. वर्षाला चार घाणे निघून एकही वाया न गेल्यास 32,000 रुपयांतून 25,200 व घसारा वजा जाता 3,800 उरतात. वर्षाकाठी एकच घाणा निघत असेल, तर तोच घसारा 1,700 रुपयांचा वाढावा गिळून वर 1,300 रुपयांची तूट आणतो. अशा बागाइतदारांनी दोघा-तिघा शेजाऱ्यांत मिळून यंत्र घ्यावे आणि घसारा घाण्यांच्या प्रमाणात वाटून घ्यावा.