आधी वाक्य, मग उत्तर

हातातलं काम आवरलं असेल तर वही-पेन घेऊन बसा. भाकरी थापत असाल तरी चालेल, कारण आजचा विषय कानांनी ऐकून आणि तोंडाने बोलूनच शिकायचा आहे.

माझी भाची पाचवीत आहे. तिला सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं आहे. तालुक्याच्या गावात शिकवणी आहे, पण तिची फी परवडणारी नाही. माझी बहीण मला म्हणाली, "ताई, मी सातवीत शाळा सोडलेली. मी हिला काय शिकवणार? फॉर्मच भरू नये असं वाटतंय." मी तिला म्हटलं, "गणिताचं गुरुजींना विचारू. शब्दांचा भाग मात्र तू घरी घेऊ शकतेस." तो कसा घ्यायचा, तेच आज तुम्हाला सांगते.

आधी परीक्षेची थोडी माहिती. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झालं. पुढे साठ वर्षं तिथे फक्त मुलगेच होते. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून देशातल्या सगळ्या सैनिक स्कूलमध्ये सहावीला मुलींनाही प्रवेश मिळू लागला. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते. प्रश्न १२५, गुण ३०० आणि वेळ अडीच तास. त्यात गणिताला १५० गुण, भाषेला ५०, बुद्धिमत्तेला ५० आणि सामान्य ज्ञानाला ५०. विरुद्धार्थी शब्द भाषेच्या भागात येतात, शब्दांचा सहसंबंध बुद्धिमत्तेच्या भागात येतो. अर्ज, तारीख आणि वयाची अट त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या.

आता सहसंबंध म्हणजे काय ते बघू. कागदावर असं छापलेलं असतं: दूध : दही :: ऊस : ? हे ठिपके पाहून मूल बावरतं. तुम्ही ते असं वाचा: "दुधाला जसं दही, तसं उसाला काय?" खाली चार पर्याय असतात: शेत, गोड, गूळ, कोयता.

बघा, चारही पर्याय उसाशी जोडलेले आहेत. ऊस शेतात असतो, गोड लागतो, कोयत्याने तोडतात. म्हणून "उसाशी कशाचा संबंध आहे?" असं विचारून भागत नाही. मामा आणि चुलता दोघंही जवळचेच, पण लग्नात मामाच्या जागी चुलता उभा करत नाही. नातं तेच हवं. पहिल्या जोडीचं नातं एका वाक्यात सांगायचं: "दुधापासून दही करतात." मग त्याच वाक्यात दुसरा शब्द घालायचा: "उसापासून गूळ करतात." उत्तर आलं.

पर्याय बघण्याआधी हे वाक्य तयार व्हायला हवं. सुरुवातीला पर्याय हाताने झाका आणि मुलीकडून वाक्य वदवून घ्या.

पण एवढ्याने दरवेळी काम होत नाही. भाचीला मी विचारलं, "सुताराला जशी करवत, तसं शिंप्याला काय? कापड, सुई, कात्री, सदरा?" ती पटकन म्हणाली, "सुई." का, तर "सुतार करवत वापरतो, शिंपी सुई वापरतो. मावशी, आईच्या हातात दिवसभर सुईच असते!" तिची आई शिवणकाम करते. आता पोरीचं म्हणणं खोटं आहे का? नाही. पण तिचं वाक्य ढिलं होतं. शिंपी सुई वापरतो, कात्री वापरतो आणि कापडही वापरतो. एका वाक्यात तीन पर्याय बसले, की समजायचं पेंढी सैल बांधली गेली आहे. मग वाक्य घट्ट करायचं. सुतार करवतीने काय करतो? "सुतार करवतीने कापतो." आता बोला: "शिंपी कात्रीने कापतो." सुई शिवते, कापत नाही. एकच पर्याय उरला.

भाचीला "चूक!" म्हणून गप्प केलं असतं, तर तिला हे कधीच कळलं नसतं. म्हणून उत्तर चुकलं की आधी विचारा, "तू कोणतं वाक्य केलंस?"

आणखी एक खाच. वासरू : गाय :: करडू : ? पर्याय आहेत कोकरू, शेळी, गोठा, दूध. इथे आधी पिल्लू आणि मग आई आहे. "वासराची आई गाय, करडाची आई शेळी." घाईत मूल दुसरं पिल्लू शोधतं आणि कोकरावर खूण करतं. म्हणून वाक्य नेहमी डावीकडून उजवीकडे, शब्द ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करायचं.

अशा जोड्या आपल्या घरादारात भरपूर आहेत. गुरांना गोठा तसं कोंबड्यांना खुराडं, ही राहण्याची जागा. केळ्यांचा घड तशी भाकऱ्यांची चवड, हा समूह. गाय हंबरते तसा घोडा खिंकाळतो, हा आवाज. पुस्तक उघडण्याआधी गोठ्यात आणि स्वयंपाकघरात एक फेरी मारा.

आता विरुद्धार्थी शब्द. याची सुरुवात आपल्या बचतगटाच्या वहीतून करा: जमा–खर्च, नफा–तोटा, आवक–जावक, हजर–गैरहजर. मुलीला वही दाखवा आणि असे शब्द शोधायला सांगा.

इथेही शब्द वाक्यात घालून बघायचा, कारण सुटा शब्द फसवतो. 'कच्चा' या शब्दाचा विरुद्ध शब्द कोणता? कच्चा रस्ता म्हटलं तर पक्का. कच्चा आंबा म्हटलं तर पिकलेला. कच्ची भाजी म्हटलं तर शिजलेली. शब्द तोच, पण ज्याच्यासोबत बसला त्याप्रमाणे त्याचा विरुद्ध शब्द बदलला.

दुसरी गोष्ट, पर्यायांत समान अर्थाचा शब्द मुद्दाम ठेवलेला असतो. सुपीक जमिनीच्या विरुद्ध काय? कसदार, काळी, नापीक, ओली. मूल वाचता वाचता 'कसदार'वर थांबतं, कारण तो सुपीकच्या जवळचा शब्द आहे. प्रश्नातल्या 'विरुद्ध' या शब्दाखाली बोट ठेवून मगच पर्याय वाचायची सवय लावा.

तिसरी गोष्ट, शब्दाच्या पुढे अ, ना, बे, गैर लावून विरुद्ध शब्द होतात: ज्ञान–अज्ञान, पसंत–नापसंत, शिस्त–बेशिस्त. पण दरवेळी नाही. 'अमूल्य' म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, तर किंमतच करता येणार नाही इतकं मोलाचं.

आणि एक मनापासून सांगते. आपण घरी 'वल्लं' म्हणतो, पुस्तकात 'ओलं' असतं. मूल घरचा शब्द बोललं म्हणून हसू नका आणि रागावूही नका. "आपण वल्लं म्हणतो, पेपरात ओलं लिहितात," एवढंच सांगा. ज्या मुलीला घरचा शब्द पक्का माहीत आहे, तिला फक्त त्याचं पुस्तकातलं नाव शिकायचं आहे. अर्थ तिच्याकडे आहेच.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. स्वयंपाक करताना तीन सहसंबंध आणि पाच विरुद्धार्थी शब्द तोंडी घ्या. रविवारी गुरुजींकडून जुनी प्रश्नपत्रिका आणून घड्याळ लावून सोडवायला बसवा. चुकीच्या उत्तराला या परीक्षेत गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. गणिताला निम्मे गुण आहेत, त्याचा सराव वेगळा हवाच. हाच शब्दांचा सराव शिष्यवृत्ती परीक्षेलाही कामी येतो. नवोदयच्या परीक्षेत बुद्धिमत्तेच्या भागात शब्दांऐवजी आकृत्या असतात, पण नातं ओळखायची रीत तीच.

जागा थोड्या असतात, मुलं खूप बसतात. भाचीचं काय होईल ते आज सांगता येणार नाही. पण माझ्या बहिणीने फॉर्म भरला. परवा ती मशीनवर बसून पोरीला विचारत होती, "चपलेला जसा चांभार, तसं मडक्याला कोण? आधी वाक्य सांग."

आता तुमच्यासाठी एक. रिमझिम : मुसळधार :: झुळूक : ? पर्याय आहेत पंखा, गारवा, वादळ, खिडकी. उत्तर सोपं आहे. मला ते नको, गटाच्या पुढच्या बैठकीत तुमच्या लेकीने केलेलं वाक्य ऐकवा.