अटक झालेल्या माणसाचा ठावठिकाणा

ह्या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकता. माझा विषय त्या मानाने रुक्ष आहे. मी वकील नव्हे. कायद्याची पुस्तके वाचली ती युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून आणि गरजेपोटी. पण कामगारांत वावरताना एक प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे: "भाऊ, आमच्या माणसाला पोलिसांनी नेलंय, कुठं ठेवलंय ते कळत नाही." मुंबईसारख्या नव्वदाहून अधिक पोलीस ठाण्यांच्या शहरात ह्या प्रश्नाचे उत्तर कसे काढावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आरंभी शब्दांचा घोळ मिटवू. आपण सरसकट "पोलिसांनी नेले" असे म्हणतो. परंतु चौकशीला बोलावणे निराळे, मोर्चातून उचलून काही तास बसवून ठेवणे निराळे आणि गुन्ह्याखाली अटक करणे निराळे. ज्याला केवळ चौकशीला बोलावले आहे त्याला घरी परत जाता आले पाहिजे. जाता येत नसेल, तर कागदावर काहीही लिहिलेले असो, ती अटकच होय. म्हणून ठाण्यावर गेल्यावर पहिला प्रश्न असा करावा: "अटक दाखवली आहे काय? किती वाजता?"

वेळ एवढ्यासाठी विचारावयाची, की तेथून घड्याळ सुरू होते. राज्यघटनेच्या 22व्या कलमाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. जी नोंद आपण शोधणार, ती ह्या 24 तासांत सर्वांत मोलाची असते. महिन्याने मिळालेली नोंद वकिलाच्या कामाची. पहिल्या रात्री मिळालेली नोंद त्या माणसाच्या जिवाच्या कामाची.

ही नोंद आपल्याला कोणी कृपा म्हणून दिलेली नाही. 1986 साली पश्चिम बंगालमधील कायदेविषयक साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू ह्यांनी कोठडीतील मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि डिसेंबर 1996 मध्ये निकाल देऊन पोलिसांना अकरा आज्ञा केल्या. अटकेचा पंचनामा जागच्या जागी करावा, त्यावर तारीख व वेळ घालावी, घरच्या माणसाची किंवा वस्तीतील प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी, आप्ताला कळवावे, कोणाला कळवले ते डायरीत लिहावे, आणि बारा तासांत नियंत्रण कक्षाला कळवून तेथील फलकावर माहिती लावावी, ह्या त्यांतल्या मुख्य. पुढे ह्यांतील बहुतेक गोष्टी कायद्यातच आल्या.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या 37व्या कलमाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदाराच्या दर्जाखाली नसलेला एक अधिकारी ह्या कामासाठी नेमावयाचा असतो. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती त्याने ठेवावयाची आणि ती ठाण्यात दर्शनी जागी लावावयाची. 48वे कलम अटकेची खबर नातलगाला किंवा मित्राला देण्याची सक्ती करते. तेव्हा "माहिती सांगता येत नाही" असे उत्तर आले, तर आवाज न चढवता म्हणावे, "साहेब, 37व्या कलमाखाली नेमलेले अधिकारी कोण आहेत? त्यांना भेटू द्या." कलमाचा आकडा ऐकल्यावर पुष्कळदा खुर्ची पुढे सरकते, असा माझा अनुभव आहे.

आता शोधाचा क्रम. ज्या हद्दीत माणसाला उचलले, तेथील ठाणे पहिले. मात्र प्रत्येक ठाण्याला स्वतःची कोठडी नसते. एका ठाण्याचा आरोपी दुसऱ्या ठाण्याच्या लॉकअपमध्ये ठेवला जातो. म्हणून "कोठडी रिकामी आहे" हे उत्तर पुरेसे नव्हे. स्टेशन डायरीतील नोंद विचारावी. लोकलमध्ये किंवा फलाटावर पकडलेला माणूस शहर पोलिसांच्या यादीत सापडणार नाही, कारण लोहमार्ग पोलिसांचे आयुक्तालय स्वतंत्र आहे. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर-वसई-विरार ह्यांचीही आयुक्तालये निराळी. ह्यानंतर पोलीस नियंत्रण कक्ष.

हल्ली मोबाईलवरही शोध घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2016 च्या आदेशाप्रमाणे एफआयआरची प्रत साधारणतः 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यावी लागते. पण लैंगिक गुन्हे, दहशतवाद ह्यांसारख्या नाजूक प्रकरणांतील प्रती तेथे नसतात. प्रतिबंधक कारवाईत, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून केलेल्या अटकेत, एफआयआर नसूही शकते. संप-मोर्चांतील आपली माणसे बहुधा ह्याच प्रकारात मोडतात. तेव्हा संकेतस्थळावर नाव नाही म्हणून अटक नाही, असे समजू नये.

ठाण्यावर काहीच कळले नाही तर न्यायालय गाठावे. किल्ला कोर्ट, माझगाव, भोईवाडा, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली अशा मॅजिस्ट्रेट कोर्टांत ठाण्यांची वाटणी केलेली असते. आपल्या ठाण्याचे कोर्ट कोणते ते विचारून रिमांडच्या वेळी तेथे हजर राहावे. तेथे दोन शब्द कानी पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी: माणूस पोलिसांकडेच राहतो. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी: माणूस तुरुंगात जातो. मुंबईत पुरुष बहुधा ऑर्थर रोडला, स्त्रिया भायखळ्याला. काहींना ठाणे, तळोजा किंवा कल्याणलाही धाडतात. तुरुंगाच्या दारात कच्च्या कैद्याची पुन्हा नोंद होते, वैद्यकीय तपासणी होते, अंगावरच्या वस्तू लिहून घेतात. भेटीसाठी आता ई-मुलाखतीची नोंदणी करता येते. पुढच्या तारखा ई-कोर्टच्या संकेतस्थळावर ठाण्याचे नाव, गुन्हा क्रमांक व वर्ष घालून सापडतात. म्हणून गुन्हा क्रमांक पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा. पुढची सारी कुलपे त्याच किल्लीने उघडतात.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून हातपाय गाळू नयेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 अन्वये कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार ह्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. 15100 हा दूरध्वनी त्यासाठीच आहे. माहितीच्या अधिकाराखाली जिवाचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास उत्तर 30 दिवसांत नव्हे, 48 तासांत द्यावे लागते. आणि 24 तास उलटूनही माणूस कोर्टापुढे आला नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करावा. "माणूस आमच्यापुढे हजर करा" असा हुकूम सरकारला करण्याची सत्ता त्या न्यायालयाला आहे.

शेवटी एक विनंती. अमेरिकेतील अनेक शहरांत अटक झालेल्यांची नावे छायाचित्रांसह कोणालाही घरबसल्या पाहता येतात, आणि सुटलेल्या माणसालाही ते चित्र नोकरीच्या दारात आडवे येते. आपल्याकडेही चाळीत एकाची अटक म्हणजे दहा दारांची कुजबूज. मंडळी, अटक म्हणजे शिक्षा नव्हे आणि नोंद म्हणजे दोष नव्हे. मूल असेल तर त्याचे नाव उघड करणे हाच गुन्हा आहे. फलकावर नाव लावण्याचा हुकूम झाला तो त्या माणसाची लाज काढण्यासाठी नव्हे. तो कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे कोणाला तरी ठाऊक असावे म्हणून. शेजारच्या घरातून माणूस नेला गेला, तर खिडकीआडून पाहू नका. वही-पेन्सिल घ्या, त्या घरातल्या बाईबरोबर ठाण्यावर जा, आणि वेळ, कलम, गुन्हा क्रमांक व अधिकाऱ्याचे नाव, एवढ्या चार गोष्टी लिहून आणा.