केसतोडाचं मूळ नाकात

‘नाकाशेजारी केसतोड उठतो, पिकतो, फुटतो, बसतो. महिन्याभरात हनुवटीवर दुसरा हजर. रक्त बिघडलंय म्हणून काढेही पिऊन झाले. आता काय करू?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे.

रक्ताला दोष देण्याआधी नाकात बघायला हवं.

1880 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी एका रुग्णाच्या गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पू होणं हा जखम भरण्याचाच भाग, असं मानणारे डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते. ऑगस्टनना मात्र त्यात गोल जंतूंचे पुंजके दिसले. घरामागे प्रयोगशाळा थाटून त्यांनी ते ताज्या अंड्यांत वाढवले. पू उंदराला टोचला की गळू होई, तोच तापवून टोचला की होत नसे. किती साधा आणि किती चोख प्रयोग! द्राक्षाच्या घडाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी या जंतूला स्टॅफिलोकोकस म्हटलं. पाश्चर आणि कॉख शाळेच्या पुस्तकात येतात, ऑगस्टन राहून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

या जंतूची सोनेरी जात, ऑरियस, दर दहांतल्या साधारण तिघांच्या नाकपुडीत निमूट राहते. बोट नाकाला लागतं, तेच हनुवटीवर फिरतं. दाढी करताना केसाच्या मुळाशी बारीक ओरखडा पडलेला असतो, तिथून जंतू आत शिरतो. मलमानं गालावरचा फोड बसतो, नाकातला साठा तसाच राहतो. म्हणून वारंवार केसतोड होणाऱ्यांना डॉक्टर म्युपिरोसिनचं मलम नाकपुड्यांत लावायला सांगतात, बहुधा दिवसातून दोनदा, पाच दिवस. गंमत म्हणजे हे औषधही मुळात एका जिवाणूनंच घडवलेलं! पण मनानंच वरचेवर लावलं, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

टॉवेल, उशीचा अभ्रा, रेझर वेगळे ठेवा. रक्तातली साखर तपासून घ्या. दुकानातून मागून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं चेहऱ्याला लावूच नका. लाली उतरते, पण त्वचेची जंतूंशी लढण्याची ताकदही दबते.

आणि फोड पिळू नका. नाक आणि वरच्या ओठाभोवतीच्या शिरा डोळ्यामागून मेंदूलगतच्या शिरांना मिळतात. डोळा सुजला, ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एरवी पुढचा केसतोड पिकला की डॉक्टरांना त्यातला पू कल्चरला पाठवायला सांगा. कोणता जंतू आणि कोणतं प्रतिजैविक त्याला लागू पडेल, हे दोन-तीन दिवसांत कळतं.